मंदाताईच्या काकडीची एकवीस रोपं

मंदाताई,

काल नाशिकला तुझा दहावा झाला आणि इथे कतारला, आपल्या मेसईदमध्ये, थंडीचा फटका आला. दोन्ही बातम्या दुपारी फोनवर एकाखाली एक आल्या. वर पोपटरावांचा मेसेज, 'सगळं नीट पार पडलं, संध्याकाळी बोलतो.' खाली हवामानाचा, पहाटे सात डिग्री, उत्तरेचा वारा. मी ऑफिसात होते. समोर ड्रॉइंगांचा गठ्ठा होता आणि त्यातलं एकही पान पुढे सरकत नव्हतं. शेवटी कामाच्या वहीत, कामाच्याच यादीखाली लिहिलं: चारची बस. वाफ्याला पाणी. साड्या काढणे. झाकणे. मग एक ओळ मोकळी सोडली आणि त्याखाली लिहिलं: सकाळी सहा, उघडणे.

ही शेवटची ओळ तुला दाखवायची होती. पण दाखवायला भिंतीपलीकडे कुणी नाही.

चौदा वर्षं आपल्या दोन घरांच्या मागे ती छातीएवढी भिंत होती. कंपनीची घरं, सगळी एकाच साच्यातली. पोपटराव मेंटेनन्सला, आमचा सुधीर खताच्या प्लांटवर. आम्ही पुण्याहून येऊन आठवडा झाला असेल नसेल, तू भिंतीवरून वाकून विचारलंस, "काय लिहू राहिली एवढं?"

"सामानाची यादी."

"माणसं किती घरात?"

"तीन."

"तीन माणसांना एवढी यादी? आमच्याकडं लग्नाला नसती एवढी."

मला राग आला होता. त्याच दिवशी संध्याकाळी तू लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या बाटल्या अर्ध्या कापून, त्यात माती भरून, काकडीची चार रोपं भिंतीवर ठेवलीस. म्हणालीस, "हे पण लिही यादीत. रोज पाणी." मी लिहिलं. आजतागायत ती ओळ माझ्या वहीतून गेलेली नाही. वही बदलली की पहिल्या पानावर तीच ओळ उतरवते.

बी तुझ्या वडिलांकडचं होतं. गावरान काकडी, दरवर्षी दोन काकड्या वेलीवरच पिवळ्या होऊ द्यायच्या, बी काढून वाळवायचं आणि राखेत घालून ठेवायचं. इथे चूल नाही, राख कुठली? तू वर्षभर देवापुढच्या अगरबत्तीची राख साठवायचीस. ती पुरेना तेव्हा माझ्याकडे मागायला लागलीस. त्या राखेसाठी मी नियमाने अगरबत्ती लावायला लागले. सुधीर चेष्टा करायचा की बायको एकदम धार्मिक झाली. तुझी काकडी चिरली की वास चंदनाचा येतो असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, "येतो तर. देवाचं उष्टं खाऊ राहिली तू."

थंडीचं वेड तुला कुठून आलं ते मला उशिरा कळलं. कतारमध्ये माणसं उन्हाची काळजी करतात. तू उन्हाबद्दल चकार शब्द काढायची नाहीस आणि फेब्रुवारी लागला की आभाळाकडे बघत बसायचीस. तू निफाडकडची. लहानपणी पहाटे वडील सगळ्यांना उठवायचे. द्राक्षबागेच्या बांधावर ओला पाला पेटवून धूर करायचा, मोटार लावून बागेत पाणी सोडायचं, म्हणजे वेलीला तेवढीच ऊब. हात इतके बधिर व्हायचे की काडी ओढता यायची नाही. एका वर्षी संक्रांत होऊन गेली होती, दोन आठवडे चांगलं ऊन पडलं होतं, आता कुठली थंडी म्हणून सगळे झोपून राहिलात. सकाळी पानांवर मीठ सांडल्यासारखं दव गोठलेलं. दुपारपर्यंत बाग काळी.

"दादा बोलले नाहीत कुणाला काही," तू वडिलांचं सांगायचीस. "एक शब्द नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

इथे दव गोठत नाही, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. तू ऐकायची नाहीस. थंडीच्या सकाळी सुधीरच्या गाडीच्या टपावरून बोट फिरवायचीस, बोटाकडे निरखून बघायचीस आणि म्हणायचीस, "पाणीच हाये. हरलं कतार." पण रोपांच्या बाबतीत तुझंच खरं होतं. काकडीच्या कोवळ्या रोपाला दव गोठायची गरज नसते. थंडी गेली म्हणून जानेवारीत बी लावावं, दोन पानं फुटावीत, आणि मग फेब्रुवारीत एखाद्या पहाटे उत्तरेचा वारा सुटला की तेवढा पुरतो. तुझा उपाय ठरलेला. दुपारी वाफा भिजवायचा, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. उन्हं उतरली की वाकवलेल्या तारांवर जुन्या सुती साड्या टाकायच्या, पानाला कापड लागू द्यायचं नाही, कडेला फरशीचे तुकडे. सकाळी उघडायचं. तुझ्या घरातली एकही साडी कधी बोहारणीला गेली नसेल. सगळ्या काकडीनं नेसल्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. पोपटरावांचं मुतखड्याचं ऑपरेशन निघालं आणि तू दोन दिवस दोह्याला दवाखान्यात राहणार होतीस. निघताना साड्यांचं गाठोडं भिंतीवर ठेवलंस. "वारा फिरलाय. माझीबी झाक."

मी म्हटलं, "साड्या कशाला? मी प्लास्टिक आणलंय एशियन टाउनमधून. जाड, पारदर्शक. दोन्ही वाफ्यांच्या मापाचं कापून ठेवलंय."

"प्लास्टिकला श्वास नसतो, माधुरी."

"थंडी अडवायची आहे मंदाताई, श्वास कुणाला घ्यायचाय?"

तू हसलीस. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता. गाठोडं तसंच भिंतीवर राहिलं.

मी वहीत चार ओळी लिहिल्या आणि संध्याकाळी चारींवर बरोबरची खूण केली. माझी सोळा रोपं, तुझी सोळा. प्लास्टिक चारी बाजूंनी चिमटे लावून, मातीत दाबून, कुठून वारा शिरेल तर शपथ. सकाळी साडेसहाची बस पकडून ऑफिसला गेले. फेब्रुवारीतलं इथलं ऊन माणसाला छानच वाटतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या बायका मुद्दाम बाहेर जाऊन बसलो होतो, ते मला अजून आठवतं.

साडेचारला परत आले तर प्लास्टिकला आतून थेंब लोंबत होते. एक कड उचलली आणि तोंडावर वाफ आली, कुकरचं झाकण काढल्यासारखी. बत्तीसच्या बत्तीस रोपं मातीला चिकटली होती, फिकट, वाफवलेल्या पालेभाजीसारखी. थंडीनं त्यातलं एकही गेलं नव्हतं. रात्र सगळ्यांनी सुखरूप काढली होती. वहीत 'झाकणे' होतं. 'उघडणे' मी लिहिलंच नव्हतं.

प्लास्टिक पुसलं, घडी घातली, स्टोअरमध्ये वरच्या फळीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा मी अंगणात उभी होते आणि तू काही विचारायच्या आत म्हणाले, "थंडीनं गेली, मंदाताई. सगळी."

तू वाफ्याशी उकिडवी बसलीस. एक पान चिमटीत धरलंस, चुरगाळलंस, वास घेतलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

"थंडीच ती," म्हणालीस. "सांगून थोडीच येती." मग पदराला हात पुसलेस. "चहा टाक. दवाखान्यातला चहा पिऊन जीभ मेली माझी."

मी चहा टाकला. आलं किसून घातलं. तू पोपटरावांच्या शेजारच्या खाटेवरल्या पेशंटची नक्कल करत होतीस, मी हसत होते, आणि सांगून टाकायची वेळ कपातल्या चहाबरोबर संपली. तुझ्या बाटलीत शेवटचं मूठभर बी होतं. ते तू दुसऱ्या दिवशी लावलंस. ते उगवलं नसतं तर तुझ्या वडिलांची काकडी तिथे संपली असती. हे तूच नंतर केव्हातरी सहज बोलून गेलीस. त्या वेळी मला माहीत नव्हतं.

खोटं का बोलले, याचं उत्तर सोपं आहे आणि मला ते आवडत नाही. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठलं ड्रॉइंग कुणाकडे गेलं, कधी परत आलं, सगळं माझ्याकडे. कॉलनीत कुणाला स्वतःच्या पासपोर्टची मुदत आठवत नसली तरी मला फोन येतो. मी विसरत नाही, यापलीकडे माझ्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही असं मला तेव्हा वाटायचं. तेवढं एक तुझ्यासमोर टाकून देणं जमलं नाही.

पुढच्या वर्षी थंडी आली तेव्हा मी मुकाट्यानं साड्या टाकल्या. सकाळी सहाला भिंत वाजली. खुरप्याच्या मुठीचे तीन ठोके आणि तुझा आवाज, "माधुरी, उघड गं!"

त्यानंतर थंडीची एकही सकाळ त्या ठोक्यांशिवाय गेली नाही. मला वैताग यायचा. एकदा मी केसाला टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन म्हटलंही, "मंदाताई, माझ्या फोनवर अलार्म आहे."

"असू दे. अलार्मला रोपं दिसत नाहीत."

दरम्यान बाहेर कतार खणून काढलं होतं. सकाळी ज्या रस्त्यानं बस जायची तो संध्याकाळी बंद असायचा. ऑफिसात जो तो एकच वाक्य बोलत होता, वर्ल्ड कपच्या आधी, वर्ल्ड कपच्या आधी. तुला सगळ्याची गंमत. "यांच्याकडं लग्न निघालंय," म्हणायचीस. अल वक्राचं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा म्हणालीस, मांडव झाला. मेट्रो सुरू झाली तेव्हा, वऱ्हाडाची सोय झाली. गेल्या सप्टेंबरात पोपटराव रिटायर झाले आणि तुम्ही निघालात, तेव्हा गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणालीस, "लग्नाला येणार हां मी. मानपान नको. एक खुर्ची ठेव फक्त." मी तिथेच वहीत लिहिलं: नोव्हेंबर, मंदाताई, व्हिसा. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

जाताना साड्यांचं गाठोडं आणि राखेतल्या बियांची बाटली तू मला दिलीस. बी जानेवारीत लावलं. उगवलं तेव्हा तुला व्हिडिओ कॉल केला. तू उशीला टेकून बसली होतीस, चेहरा उतरलेला. मी आधी औषधं विचारली, मग रिपोर्ट, मग पुढची तारीख. तू म्हणालीस, "डॉक्टर दिवसातून दोनदा येतो माझ्याकडं. तू रोपं दाखव."

मी फोन वाफ्यावर धरला.

"किती उगवली?"

"चोवीसपैकी एकवीस."

"तीन कुठं गेली?"

"आली नाहीत."

"विचारलं का त्यांना?" हसताना तुला खोकला आला. मग म्हणालीस, "फेब्रुवारीत फटका येईल. लक्ष ठेव."

"वहीत लिहिलंय."

"काय लिहिलंय? वाच."

"झाकणे."

"आणि?"

"उघडणे."

"हं," म्हणालीस तू. एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिलीस. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण तुला थकवा येईल, उगाच जुनं कशाला, बरी झाली की सांगू, असली तीन-चार शहाणी कारणं मला लगेच सापडली. म्हटलं, "आराम कर, रविवारी परत दाखवते." पुढच्या रविवारी दाखवायला तू नव्हतीस.

काल चारची बस पकडली. वाफा भिजवला. तुझं घर रिकामंच आहे, दारं-खिडक्या काढून ठेवल्यात, या आठवड्यात रंगारी येणार आहेत. लग्नघर ना, सगळीकडे रंग चाललाय. सुधीरच्या प्लांटवर शटडाऊनचं काम, तो सकाळी येणार. कॅनडाहून लेकीचा फोन आला. मी साड्या झटकत होते, म्हटलं, नंतर बोलू, मंदामावशीची रोपं झाकायची आहेत. ती म्हणाली, "आई, दे आर जस्ट ककंबर्स." मग तिलाच काहीतरी वाटलं असावं. मोडक्या मराठीत म्हणाली, "नीट झाक."

शेवटची फरशी ठेवत होते तेव्हा पोपटरावांचा फोन आला. घरी कोण कोण आलं होतं, स्वयंपाक कुणी केला, ते सांगत राहिले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे, आपण त्यावरून भांडलोसुद्धा आहोत. तरी तोंडातून गेलं, "कावळा शिवला का?"

"लगेच शिवला हो वहिनी. पिंड ठेवून मागं सरकलो नाही तोच. भटजीबी म्हणले, बाईचं काही राहिलं नव्हतं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. अंगणात बसून राहिले. तुझं काही राहिलं नव्हतं, मंदाताई. राहिलेलं सगळं माझ्याकडे होतं.

आज पाचलाच जाग आली. घरात हीटर नाही, आपण कधी घेतला नाही, वर्षातल्या आठ दिवसांसाठी कशाला. शाल घेऊन मागच्या पायरीवर बसले. अलार्म बंद करून टाकला. कशाची वाट बघत होते ते सहा वाजल्यावर कळलं. सहा वाजले, सहा वाजून दोन मिनिटं झाली, भिंत वाजली नाही.

उठले आणि साड्या काढायला लागले. तुझी वांगी रंगाची, मग ती पट्ट्यापट्ट्यांची, जिला तू कैद्याची साडी म्हणायचीस. दवानं जड झाल्या होत्या. एक एक रोप मोजलं. अठरा उभी होती. कोपऱ्यावरची फरशी वाऱ्यानं सरकली होती, साडी उडाली होती, तिथली तीन गेली. पानं काळपट, ओली, खाली लोंबलेली. थंडीनं मेलेलं रोप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

तू केलं होतंस तसंच केलं. एक पान चिमटीत धरलं, चुरगाळलं, वास घेतला. कच्चा, हिरवा वास. काकडीची साल काढताना येतो तसा.

त्या वर्षीच्या पानांना शिजल्याचा वास होता. रंग वेगळा, स्पर्श वेगळा, वास वेगळा. यात चुकायला जागाच नाही. मला कळला हा फरक, एका सकाळीत. निफाडच्या बागेत वाढलेल्या बाईला कळला नसेल?

तुला सगळं माहीत होतं. पान हातात होतं तेव्हाच कळलं होतं.

खरं सांगू, आधी मला तुझा रागच आला. चार वर्षं! चार वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलीस, माझ्याकडून राख नेलीस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की माधुरी, तू उघडायला विसरलीस. दादा बोलले असते तर बरं झालं असतं, असं तूच म्हणायचीस ना? मग तू का त्यांच्यासारखी झालीस? तू चिडली असतीस, दोन दिवस भिंतीशी आली नसतीस, तिसऱ्या दिवशी सगळं मिटलं असतं. मी या वाफ्यात उभी राहून रिकाम्या घराशी भांडत होते. मोठ्यानं.

मग लक्षात आलं, मला कसलाही बोल न लावता तू दरवर्षी बोलतच होतीस. सहाला. खुरप्यानं. ज्या बाईला वाटतं की रोपं थंडीनं गेली, ती शेजारणीला संध्याकाळी बजावेल की नीट झाक. उघडायची आठवण ती कशाला करील?

माझी अब्रू तू झाकलीस, आणि मी पुन्हा चुकू नये याची व्यवस्थाही लावलीस. मला वाटायचं व्यवस्था माझ्याकडे आहे.

आता माझं ऐक. थंडीनं गेली नव्हती. मी प्लास्टिक काढायला विसरले. तुझी सोळा आणि माझी सोळा, दोन्ही माझ्या हातून गेली, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. हे तुला माहीत होतं, तरी सांगायचं माझं होतं.

अठरांपैकी दोन चांगल्या वेलींवर काकड्या पिवळ्या होऊ देईन. राख साठवते आहे. तुझ्या फोटोपुढच्या अगरबत्तीचीही त्यात घालते, चालेल ना? नोव्हेंबरात लग्न लागेल तेव्हा खुर्ची ठेवीन, कुणी बसलं नाही तरी.

वहीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली. बसला अजून दहा मिनिटं होती. तुझं खुरपं तू इथेच ठेवून गेलीस, ते घेतलं आणि मुठीनं भिंतीवर तीन ठोके मारले. पलीकडे रिकाम्या खोल्यांत आवाज थोडा घुमला.

"उघडलं गं," म्हटलं मी.